परसाची अर्धी खूण

बंदरावर तिला सगळे मोजणीबाई म्हणत, आणि तेही तोंडावर. सकाळी होड्या धक्क्याला लागल्या की ही हजर. खांद्याला पिशवी, हातात मोजपट्टी, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. टोपलीतला एकेक मासा पट्टीवर आडवा करायचा, लांबी बघायची, पोट हलकेच दाबून अंडी आहेत का ते पाहायचं आणि मासा परत टोपलीत टाकायचा. लिलावाची घाई असलेल्या माणसांना हा प्रकार म्हणजे डोक्याला ताप.

"काय मोजणीबाई, आज वर्गात किती हजर?" कुणीतरी ओरडायचं.

"आणि गैरहजर कोण कोण, तेही लिहा हो! पालकांना बोलावून घेऊ."

ती हसायची. हसली नाही तर दुसऱ्या दिवशी कुणी टोपलीला हात लावू देणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. शिवाय ओरडणाऱ्यांतले निम्मे तिचे चुलतभाऊ नाहीतर मावसभाऊच होते.

बंदराच्या वरच्या रस्त्याला, एका जुन्या गोदामाच्या माडीवर, समुद्रातल्या जीवांचा अभ्यास करणारी एक संस्था होती. खालच्या खोलीत काचेच्या बरण्या, बरण्यांत पांढरे पडलेले खेकडे आणि मासे, आणि डोळ्यांना झोंबणारा औषधाचा वास. वर नकाशांची खोली. तिथली सगळी माणसं बाहेरून आलेली, भरपूर शिकलेली. ही एकटीच बंदरावर जन्मलेली. शिकलेली हीसुद्धा होती, पण पाहुणे आले की इतरांची ओळख त्यांच्या विषयावरून व्हायची, हा प्रवाळवाला, ती शेवाळवाली, आणि हिची वेळ आली की संचालकबाई कौतुकाने म्हणायच्या, "आणि या आमच्या स्थानिक सहकारी." ते 'स्थानिक' तिला दरवेळी चपलेतल्या खड्यासारखं टोचायचं. घरी गेलं की वहिनी नणंदेचं स्वागत करायची, "आल्या सरकारी बाई!" संस्था सरकारी नव्हती, पण वहिनीला ते सांगून उपयोग नव्हता. म्हणजे वर ती बंदराची आणि खाली ती संस्थेची. दोन्हीकडे जावई, असं ती स्वतःच गमतीने म्हणायची. मान मिळतो, पण भांड्यांच्या कपाटाला हात लावायचा नाही.

आता परसाबद्दल सांगायला हवं, कारण तिच्या आयुष्याची सगळी गोष्ट तिथेच येऊन अडकते.

त्या बंदरावर प्रत्येक जुन्या घराची समुद्रात स्वतःची एक जागा असे. पाण्याखालचा एखादा खडकाळ उंचवटा, जिथे मासा राहतो, वाढतो, अंडी घालतो. हिच्या घरच्या जागेला घरची माणसं परस म्हणत. घरामागचं परस असतं तसं, गरज पडली की जायचं आणि चार पानं खुडून आणायची. परसात जाळं टाकायचं नाही, फक्त गळ. मासा अंड्यावर असेल त्या दिवसांत तिकडे फिरकायचं नाही. हे नियम कुणी कुठे लिहिले नव्हते. आणि सगळ्यांत मोठा नियम असा की परसाचं नाव जमिनीवर घ्यायचं नाही. बोलायचं ते समुद्रात, होडीत, आणि घरच्या माणसापाशीच. दादाच्या होडीत जागा साठवून ठेवणारं यंत्र होतं, पण परस त्यात कधी घातलं गेलं नाही. यंत्र बिघडलं की दुरुस्तीला द्यावं लागतं, आणि दुरुस्त करणारा कुणाचा कोण!

मग जागा सापडायची कशी? तर खुणेने. किनाऱ्यावरच्या दोन गोष्टी एकीमागे एक आल्या की समुद्रात एक रेघ मिळते. दुसऱ्या बाजूच्या आणखी दोन गोष्टी जुळल्या की दुसरी रेघ. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे जागा. एका रेघेने भागत नाही. तिच्यावर दिवसभर भटकलं तरी माणूस जागेच्या बाजूने निघून जाईल.

बाबांना दोनच मुलं. ती शाळकरी असताना बाबा एकदा तिला होडीत घालून घेऊन गेले. आई दारात उभी राहून बडबडत होती, पोरीला कशाला नेताय, ऊन लागेल. लांब गेल्यावर बाबांनी इंजिन बंद केलं आणि किनाऱ्याकडे बोट दाखवलं. "ती बर्फाच्या कारखान्याची चिमणी बघ. आता तिच्यापुढची पाण्याची टाकी. चिमणी टाकीमागे पूर्ण लपली की तू रेघेवर आलीस." मग शिशाचं वजन बांधलेली दोरी तिच्या हातात दिली. वजनाच्या तळाला खळगा, खळग्यात ग्रीस. दोरी सोडली, तळ लागला, वर ओढली. ग्रीसला शिंपल्यांचे तुकडे चिकटले होते आणि एक तांबडा, फांदीसारखा तंतू. "हे परस," बाबा म्हणाले.

"आणि दुसरी रेघ?"

"ती दादाची. त्याला तुझी सांगितली नाही, तुला त्याची सांगणार नाही. दोघं बोलेनासे झालात तर दोघंही मुकाल."

आपण फार मोठी युक्ती केली असं बाबांना तेव्हा वाटलं होतं. तिलाही वाटलं होतं.

संस्थेने किनाऱ्याच्या रक्षणाचा आराखडा करायला घेतला, तेव्हा संचालकबाईंनी तिला बोलावलं. बाई तशा भल्या. कायम थकलेल्या, चहा गार करून पिणाऱ्या. म्हणाल्या, "हे बघ, पाणी इतकं गढूळ आहे की वरून फोटो काढून तळ दिसत नाही. सगळीकडे पाणबुडे उतरवायला माझ्याकडे ना माणसं ना वेळ. मासे कुठे वाढतात हे तुझ्या लोकांना माहीत आहे. त्यांना बसव आणि त्यांच्याकडून काढून घे."

"त्या जागांचं पुढे काय करणार, मॅडम?"

"ज्या सगळ्यांत महत्त्वाच्या, त्या मासेमारीला बंद. बाकीच्यांचं बघू."

हे ऐकताच तिला परस आठवलं. पण काम नेमून दिलेलं. ती दारोदार फिरली, हातापाया पडली, आणि कधी नव्हे ते अख्खं बंदर शाळेच्या सभागृहात जमलं. टेबलावर मोठा नकाशा पसरला होता. प्रत्येकाला लाल टिकल्या वाटल्या. जिथे मासा अंडी घालतो तिथे टिकली लावायची.

पहिला उठला भोंगा. मच्छीमार संघाचा अध्यक्ष. आवाजावरून हे नाव पडलेलं, आणि त्याला ते आवडायचंही. त्याने गंभीर चेहरा केला आणि उत्तरेच्या सपाट वाळूवर टिकली दाबली. "इथे तर बाई, माशांना उभं राहायला जागा नाही. रांग लावून अंडी घालतात."

मागून कुणीतरी खोकला. तिला कळलं. त्या वाळूत काय आहे हे बंदरावरचं शेंबडं पोरही सांगेल. तिथे फुटकी चप्पल सापडली तर सापडेल. दुसरा उठला, त्यानेही तिथेच टिकली लावली. मग तिसरा. सगळं आधी ठरवून आले होते. आपापली जागा लपवायची आणि सरकारला वाळू द्यायची. चेहरे असे की जणू देवळात फूल वाहताहेत.

शेवटी बाबा उठले. गुडघे गेले होते, दादाच्या खांद्याचा आधार घेऊन टेबलापाशी आले. आयुष्यात ते तिच्याशी एकदाही खोटं बोलले नव्हते. त्यांनी टिकली वाळूवर लावली, अंगठ्याने नीट दाबली आणि मान वर करून तिच्याकडे पाहिलं. संचालकबाई शेजारीच उभ्या होत्या. तिला बोलायचं असतं तर तोंड उघडायचा अवकाश होता.

परक्यांसमोर बापाला खोटं कसं पाडायचं? आणि खरं सांगितलं असतं तर पहिलं कुलूप परसालाच लागलं असतं. तिने सगळ्या टिकल्यांची नोंद केली आणि खाली सही केली.

"इतकं एकमत!" संचालकबाई खुशीत होत्या. "मी इतक्या ठिकाणी काम केलंय, पण असं कधी पाहिलं नाही. हे सगळं तुझ्यामुळे." त्या दिवसापासून पाहुण्यांसमोर तिची ओळख करून देताना 'स्थानिक' हा शब्द गळला. तिला लाज वाटली, आणि बरंही वाटलं. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं हे तिला नव्यानेच कळलं.

संध्याकाळी धक्क्यावर हशाच हशा. "वाळूला संरक्षण मिळालं रे! आता वाळूच्या वाटेला कुणी जायचं नाही!" पुढे तिथे खरंच बंद पट्टा झाला. चारी कोपऱ्यांना पिवळी पिंपं तरंगत ठेवली, धक्क्यावर रंगवलेला फलक लागला, फलकावर हसरा मासा. गस्तीची होडी त्या उजाड वाळूभोवती फेऱ्या मारायची. उरलेल्या समुद्रात जिथे ना टिकली ना पाहणी, तो भाग नकाशात पांढरा राहिला. परस त्या पांढऱ्यात होतं. कुणाच्या नजरेत न येता, मजेत.

घरी बाबा एकदाच बोलले. "बरं केलंस, पोरी."

काही वर्षं चांगली गेली. मग मोठ्या जहाजांसाठी बंदर खोल करायचं ठरलं. तळाचा गाळ उपसायचा, आणि उपसलेला गाळ समुद्रात लांब नेऊन टाकायचा. बंदराचा इंजिनियर संस्थेत आला. सभ्य माणूस. बूट बाहेर काढून आत आला.

"आम्ही तुमचा आराखडा समोर ठेवूनच जागा निवडली," त्याने नकाशावर पेन्सिलीने वर्तुळ काढलं आणि टोक तिथेच टेकवलं. "तुमच्या बंद पट्ट्यापासून मुद्दाम लांब राहिलो. ही जागा तुमच्याच नकाशात मोकळी आहे. काही नाही ना इथे?"

पेन्सिल पांढऱ्यात होती. दुसरी रेघ तिला ठाऊक नव्हती, पण चिमणी आणि टाकीची रेघ तिला डोळे मिटूनही काढता येत होती, आणि इंजिनियरचं पेन्सिलीचं वर्तुळ त्या रेघेवर बरोबर मधोमध बसलं होतं. बाबांची होडी लहानपणी साधारण तिथवरच गेली होती.

"काही नोंद नाही," संचालकबाई म्हणाल्या आणि तिच्याकडे वळल्या. "हो ना गं?"

"बघून सांगते," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच लांबून आल्यासारखा वाटला.

ती तडक घरी गेली. बाबा ओट्यावर जाळ्याची गाठ मारत होते, दादा इंजिनाचा भाग रॉकेलमध्ये धूत होता. जमिनीवर बोलायचं नाही हा नियम तिने आयुष्यात पहिल्यांदा मोडला.

"गाळ परसावर टाकणार आहेत."

बाबांचे हात थांबले. वहिनी आतून भांडं हातात घेऊन बाहेर आली.

"नावाने बोलू नकोस," बाबा म्हणाले.

"न बोलून चालणार नाही बाबा. मला खरी जागा दाखवू द्या. दादा, तुझी रेघ लागेल."

"आणि जागा कळली की काय करतील?" दादाने वर न बघता विचारलं. "पिवळी पिंपं आणून ठेवतील. मग आपण फलकावरचा मासा बघत बसायचं."

"गाळाखाली गेलं तर तोही नाही."

"तुमच्या नकाशात आमचं घर तरी आहे का हो," वहिनी म्हणाली, "की तेही पांढरंच?"

दुपारपर्यंत भोंगा येऊन थडकला. त्याच्या कानावर गेलं होतंच. त्या दिवशी मात्र तो हळू बोलला, आणि तेच जास्त भीतिदायक होतं. "हे बघ ताई, जागा तुमच्या घरची. तुमचं दुःख मला कळतं. पण तू वर जाऊन सांगितलंस की टिकल्या खोट्या, तर ते विचारणार, खऱ्या कुठे? मग आमच्या सगळ्यांच्या जागा उघड्या पडणार. एका घरासाठी अख्ख्या बंदराला नागवं करू नकोस."

"आणि तुझ्या जागेवर गाळ आला असता तर, अध्यक्ष?"

भोंग्याने चपला शोधल्या. "आला नाही ना," म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी तिने संचालकबाईंना सगळं सांगितलं. टिकल्या, वाळू, बापाचा अंगठा, आपली सही. बाईंनी कप बाजूला सारला. चहा नेहमीसारखा गार होत होता.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"पहिल्या टिकलीपासून?"

"हो, मॅडम."

"मग मला एक सांग. हा आराखडा नको असलेली माणसं थोडी नाहीत. उद्या मी स्वतःच म्हटलं की लोकांनी दिलेली माहिती खोटी होती, तर याच आराखड्याने राखलेला कासवांचा किनारा जाईल, खाडीतली झाडं जातील. तिथलं तर सगळं खरं आहे. ते म्हणतील, एक खोटं तर सगळंच खोटं. काय करू मी?"

बाईंनी कपाळ चोळलं. "पुरावा आण. एका दिवसापुरते पाणबुडे मागून घेते. टिकल्यांचं नाव काढायचं नाही; नव्याने पाहणी केली, नव्याने सापडलं, असं म्हणू. पण जागा नेमकी हवी. त्या पाण्यात शोधत बसायला वेळ नाही. एकदाच उतरता येईल."

ती दादाकडे गेली, ती भांडायच्या तयारीने. पण दादा लगेच म्हणाला, "येतो." तिला भरून आलं. ती वहिनीचे टोमणे विसरली, भोंग्याला विसरली. बाबांनी एकेक रेघ वाटून दिली ती याच दिवसासाठी, असं तिला वाटलं. धाकट्या बहिणीची मोठ्या भावावर असते तशी भाबडी श्रद्धा. केस पांढरे व्हायला लागले तरी गेली नव्हती.

दिवस स्वच्छ होता. संस्थेच्या बोटीवर संचालकबाई, दोन पाणबुडे, सुकाणूवर दादा. ती मागे उभी राहून किनारा बघत होती. चिमणी सरकत सरकत टाकीमागे गेली. "आले," ती म्हणाली. "माझी रेघ आली."

दादाने बोट त्या रेघेवर ठेवली आणि बाहेर नेत राहिला. नेत राहिला. लहानपणी इतकं लांब गेलो होतो का, असं तिला एकदा वाटलं. पाण्याचा रंगही तिच्या आठवणीपेक्षा गडद होता. पण आठवण शाळकरी पोरीची. तेव्हा सगळंच वेगळं दिसतं. दादाने दुसऱ्या बाजूला नजर टाकली, वेग कमी केला. "इथे."

"नक्की, दादा?"

"मी सांगतोय ना."

संचालकबाई तिच्याकडे बघत होत्या. ती म्हणू शकली असती, जरा मागे घे, शिसं सोडून बघू. पण परक्यांसमोर भावाला खोटं पाडायचं? पुन्हा तेच. तिने मान हलवली. पाणबुडे उतरले.

वर आले तेव्हा एकाने मूठ उघडून दाखवली. वाळू. "सपाट आहे. चारी बाजूंना बघितलं. काहीच नाही."

संचालकबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त तिच्या खांद्यावर हात ठेवला, आजारी माणसाच्या ठेवावा तसा, आणि परतीच्या वाटेवर पाणबुड्यांशी हवापाण्यावर बोलत बसल्या. त्या आठवड्यात इंजिनियरला होकार गेला. तिची ओळख करून देताना पुन्हा 'आमच्या स्थानिक सहकारी' सुरू झालं.

त्या दिवशी धक्क्यावर उतरताच तिने दादाचा दंड धरला होता.

"कुठे नेलंस आम्हाला?"

"हळू बोल."

"दादा, तू खोटी रेघ दाखवलीस!"

"बाबांनी सांगितलं," तो म्हणाला. चोरट्यासारखा नाही, सरळ तिच्या डोळ्यांत बघून. "म्हणाले, हो म्हण, आणि बाजूला ने. गाळ काय, एका वादळात वाहून जातो. सरकारी रेघ जात नाही. आम्ही परस वाचवलं, चिमणे. तू दाखवायला निघाली होतीस."

लहानपणीचं ते लाडाचं नाव त्याने त्या क्षणी घेतलं, हे तिला सगळ्यांत जास्त लागलं. ती घरी गेलीच नाही. संस्थेच्या मागे एक खोली भाड्याने घेतली, कपडे नेले, आणि भावाशी बोलणं टाकलं. बाबांची युक्ती अशी उलटली.

गाळाची जहाजं जायला लागली. धक्क्यावरून दिसायचं: जड होऊन जायची, हलकी होऊन यायची. एक वादळ झालं. मग आणखी एक. मधल्या काळात बाबा रोज ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे, बाहेर पाण्याचा रंग कसा आहे. कशासाठी विचारतात ते सांगायचे नाहीत. लोक म्हणायचे, गढूळ. "निवळेल," बाबा म्हणायचे. पुढे पुढे लोक त्यांना बरं वाटावं म्हणून, निवळतंय, असं सांगू लागले. बाबा गेले ते निवळल्याच्याच समजुतीत, असं वहिनीने तिला तेराव्यानंतर सांगितलं. खरं की खोटं कोण जाणे. वहिनी आयुष्यात पहिल्यांदाच तिच्याशी गोड बोलत होती.

मोजणीबाईला मात्र कुणी काही सांगायची गरज नव्हती. परसात वाढून आसपासच्या खडकांत पसरणारे ते मोठ्या तोंडाचे मासे दादाच्या टोपलीत आधी लहान झाले. मग अंड्यावरचा एकही येईना. मग ते मासेच येईनात. ती दादाच्या टोपलीजवळ जायची, न बोलता मासे पट्टीवर ठेवायची, तोही न बोलता उभा राहायचा. ज्यांना काय झालंय ते ठाऊक होतं, ते आता हजेरीचे विनोद करत नव्हते.

एका सकाळी टोपलीत सगळी उथळ पाण्यातली, किरकोळ, भाजीपाल्यासारखी मासळी होती. तिने पट्टी पिशवीत टाकली. दादा म्हणाला, "येतेस? जाऊन बघू."

इतक्या दिवसांनी तो बोलला होता. ती होडीत बसली.

चिमणी टाकीमागे लपली. दादाने होडी रेघेवर घेतली, आणि त्या दिवशीपेक्षा किती तरी अलीकडे, जिथे तिला लहानपणी पाणी हिरवं दिसलं होतं, तिथे इंजिन बंद केलं. मग तो उठला आणि दुसऱ्या बाजूला हात केला.

"ते बेट दिसतंय? त्याची शेपटी. शेपटीमागून दीपगृह अर्धं बाहेर आलं की थांबायचं. पूर्ण बाहेर आलं तर पुढे गेलो. त्या दिवशी मी पूर्ण बाहेर येऊ दिलं होतं."

तिने बघितलं. दीपगृह बरोबर अर्धं दिसत होतं. इतकी साधी खूण. चिमणी आणि टाकी, बेट आणि दीपगृह. आयुष्यभर जी अर्धीच होती, ती पुरी झाली.

"आता सांगायला काय हरकत आहे," दादा म्हणाला.

तिने बाबांची शिशाची दोरी काढली, खळग्यात ग्रीस भरलं, दोरी सोडली. तळ लागल्याचा ठोका हाताला जाणवलाच नाही. वजन मऊशार काहीतरी फोडत खाली गेलं आणि थांबलं. वर ओढताना जड लागलं. शिसं करड्या, चिकट गाळात बुडून आलं होतं. दादाने ते बोटाने निपटलं, आत काही आहे का म्हणून पुन्हा पुन्हा निपटलं. एक शिंपल्याची कपची निघाली. त्याने ती शर्टाला पुसली, तिच्या तळहातावर ठेवली, आणि मग तोंड फिरवून इंजिनाशी खाटखूट करत बसला. इंजिनाला काहीही झालेलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात आराखड्याची फेरतपासणी होती. संचालकबाई निवृत्त झाल्या होत्या. त्यांच्या जागी आलेल्या तरुण बाईंनी नकाशा तिच्यासमोर पसरला. "हा पांढरा भाग तुम्हाला जास्त माहीत असेल. इथे काही दाखवायचं राहिलंय का?"

आता तिच्याजवळ दोन्ही रेघा होत्या. पट्टी ठेवून त्या काढल्या असत्या तर नेमका ठिपका मिळाला असता. तिने नकाशाकडे पाहिलं. ज्या दिवशी बापाने टिकली दाबली, त्या दिवशी हा नकाशा खोटा होता. तेव्हापासून सगळ्यांनी आपापल्या परीने हातभार लावला होता, आणि आता तो खरा झाला होता.

"नाही," ती म्हणाली. "तिथे काही नाही."

तरुण बाईंनी खूण केली आणि नकाशा गुंडाळला. मोजणीबाईने बूट चढवले. होड्या यायची वेळ झाली होती.